घरातला सर्व्हर आणि हरवलेला पत्ता : भिवंडीतून पाहिलेला एक छोटा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका ज्येष्ठ श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, "इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडिओ गेम कुठून आले?" प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून आम्ही आधी एक घरगुती प्रसंग सांगतो आणि मग तीस वर्षं मागे जातो. त्याआधी एक खुलासा. ऑनलाइन गेम म्हटलं की हल्ली पैसे लावून खेळायची रमी डोळ्यांसमोर येते. पैशांच्या त्या खेळांवर २०२५ साली संसदेने बंदीचा कायदा केला. आपण त्यांच्याविषयी बोलत नाही आहोत. चार मित्र आपापल्या घरी बसून एकत्र खेळतात, आणि त्यासाठी त्यांच्यापैकी एकाच्या घरचा संगणक यजमान होतो, बाकीचे त्याच्याकडे पाहुणे म्हणून येतात. याला होस्टिंग म्हणतात. आज आपण या यजमानपणाचा इतिहास पाहणार आहोत.

प्रसंग असा. आमचा भाचा भिवंडीत राहतो, कल्याण नाक्याच्या बाजूला. त्याची दहावीची परीक्षा झाली आणि त्याच सुट्टीत त्याच्या एका मित्राच्या वडिलांनी इथले माग विकून सुरतेला बस्तान हलवलं. या पोरांनी दोन वर्षं खपून 'माइनक्राफ्ट' या खेळात एक गाव उभं केलं होतं. ठोकळ्यांचा वऱ्हाळा तलाव, काठाला देऊळ, पुढे पत्र्याच्या छपराचा कारखाना आणि आत ओळीने माग. हे सगळं गाव म्हणजे भाच्याच्या संगणकावरचं एक फोल्डर. आजूबाजूची पोरं लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे यायची आणि घरच्या वायफायवर सगळी मिळून खेळायची. आता सुरतेचा मित्र त्या गावात कसा येणार?

भाच्याने सगळं नीट केलं होतं. घरातल्या जाळ्यात आपल्या संगणकाला एक कायमचा पत्ता नेमून दिला. राउटरमध्ये जाऊन २५५६५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे माइनक्राफ्टचा ठरलेला दरवाजा, त्या संगणकाकडे वळवलं. संगणकाच्या फायरवॉलमध्ये परवानगी दिली. घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून गाव लगेच दिसायचं. सुरतेहून मात्र काहीच दिसेना. चार रात्री गेल्यावर त्याचा फोन आला, "मामा, आपला सर्व्हर चालू आहे, पण बाहेरून कुणाला दिसतच नाही."

आम्ही गेलो, राउटरचं पान उघडलं. राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १०० या आकड्याने सुरू होत होता आणि त्यापुढे ७२ होते. तिथेच उत्तर मिळालं. त्या घराला जगाच्या इंटरनेटवर स्वतःचा असा पत्ताच नव्हता. मग राउटरमध्ये कितीही दरवाजे उघडा, काय उपयोग? ज्या रस्त्यावर दरवाजा उघडतोय तो रस्ता खाजगी आवारातला आहे.

आता गंमत बघा. पंचवीस वर्षांपूर्वी भिवंडीत एखाद्याने खडखडणाऱ्या मोडेमने इंटरनेट जोडलं, तर त्याच्या दुबळ्या संगणकाला असा खरा पत्ता मिळायचा. आज संगणक शेकडो पटींनी दमदार आहे, घरात फायबर आलं आहे, वीज आहे, आणि पत्ता गेला आहे. हे कसं झालं, हा आजचा विषय.

यंत्र घरात, दोरी बाहेर

भिवंडीकरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. हे गाव हातमागाचं होतं, पुढे यंत्रमागाचं झालं. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, पद्मानगरातले तेलुगू पद्मशाली, आजूबाजूच्या गावांतले आगरी, अशा अनेकांनी हे शहर घडवलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि गिरण्यांचं पुष्कळसं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा गावांकडे सरकलं. घराला लागून शेड आणि शेडमध्ये चार-सहा माग, असं चित्र इथे गल्लोगल्ली दिसायचं.

पण मागाचा मालक म्हणजे कापडाचा मालक नव्हे. अनेक छोटे कारखानदार मजुरीवर माग चालवतात. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, भावही त्यानेच ठरवायचा. यंत्र तुमच्या घरात, पण त्याची दोरी बाहेर. विजेचंही तेच. माग कितीही चांगला असो, लाइट गेली की थांबला.

आम्ही उपमा फार ताणणार नाही. माग हे पोट भरायचं साधन आहे आणि गेम हा खेळ आहे. पण घरात यंत्र असलं म्हणजे ते आपल्या मर्जीने चालेलच असं नाही, एवढी एक गोष्ट या शहराला पक्की ठाऊक आहे. ती लक्षात ठेवून पुढे जाऊ.

यजमान आधी घरातच होता

१० डिसेंबर १९९३ ला अमेरिकेत 'डूम' हा खेळ आला. चार जणांना एका जाळ्यावर खेळता यायचं. त्यात वेगळा यजमान नसायचा. प्रत्येक संगणक बाकीच्यांना आपली हालचाल कळवायचा आणि सगळे एकमेकांसाठी थांबायचे. एकाची लाइन मंद असली की चौघांचाही खेळ मंद. सुरुवातीच्या आवृत्तीने तर जाळ्यावर इतका गोंगाट केला की काही कंपन्यांना आणि विद्यापीठांना आपल्या जाळ्यावर डूम खेळायला बंदी घालावी लागली.

त्याच मंडळींनी २२ जून १९९६ ला 'क्वेक' आणला. त्यात रचना बदलली. एक संगणक यजमान, म्हणजे सर्व्हर. कोण कुठे उभा आहे, कुणाची गोळी कुणाला लागली, हा निवाडा त्याचा. बाकीचे पाहुणे. त्याच वर्षाच्या अखेरीस 'क्वेकवर्ल्ड' ही सुधारित आवृत्ती आली. तीत पाहुण्याचा संगणक यजमानाच्या उत्तराची वाट न बघता आपली पुढची हालचाल अंदाजाने दाखवून टाकायचा आणि उत्तर आलं की दुरुस्त करायचा. टेलिफोनच्या मंद लाइनवर खेळता येऊ लागलं ते या युक्तीमुळे. आजचे बहुतेक वेगवान गेम हीच युक्ती वापरतात.

यातली एक गोष्ट आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. यजमान व्हायचं सॉफ्टवेअर कंपनी खेळणाऱ्यांच्याच हाती द्यायची. क्वेक घ्या, 'हाफ-लाइफ' घ्या, त्यातून १९९९ साली निघालेला 'काउंटर-स्ट्राइक' घ्या. सर्व्हरचा प्रोग्राम कुणीही उतरवावा आणि आपल्या घरी चालवावा. कंपनीला जगभर यंत्रं मांडून बसायची गरज नव्हती आणि खेळणाऱ्याला कंपनीची परवानगी लागत नव्हती.

भिवंडीत इंटरनेट आलं तेव्हा

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आधी ते मोठ्या शहरांत होतं. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि मग ते हळूहळू ठाण्या-कल्याणच्या पट्ट्यात पसरलं. फोन लावायचा, मोडेमची ती किरकिर ऐकायची, आणि घरातलं कुणीतरी ओरडायचं, "अरे, फोन किती वेळ अडवून ठेवणार?" फोनच्या पल्स पडत राहायच्या ते वेगळंच.

पण जोडणी लागली की त्या संगणकाला तेवढ्या वेळापुरता सार्वजनिक पत्ता मिळायचा. फोन ठेवला की पत्ता गेला, पुन्हा लावला की नवा मिळाला. यजमान व्हायला वेग नव्हता, पण हक्क होता. तुम्ही तो आकडा मित्राला फोनवर सांगू शकत होता. अर्थात त्याच फोनवर नाही, कारण तो अडकलेला! शेजाऱ्याच्या फोनवरून सांगायचा.

खेळ रंगायचा तो मात्र सायबर कॅफेत. धामणकर नाका, अंजूरफाटा, बाजारपेठ या बाजूला गाळ्यांमधून आठ-दहा संगणकांचे कॅफे होते. इंटरनेट एकच आणि रडतखडत चालणारं, पण आतल्या आत सगळे संगणक एका हबला जोडलेले. त्यावर काउंटर-स्ट्राइक आणि 'एज ऑफ एम्पायर्स' वाऱ्यासारखे चालायचे. कॅफेवाल्याने एका कोपऱ्यातला संगणक सर्व्हर म्हणून ठेवलेला असायचा. त्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, असा दंडक. यजमान कोण, हे त्या गाळ्यात प्रत्येकाला दिसायचं.

मग केबलवाले आले. १९९० नंतर गच्च्यांवरून, झाडांवरून टीव्हीची केबल नेणारी हीच मंडळी पुढे इंटरनेटची वायर घेऊन आली. तांब्याच्या त्या नेटवर्क वायरला १०० मीटरची मर्यादा असते. म्हणून दर दोन-तीन इमारतींना जिन्याखाली एक पत्र्याचा डबा आणि त्यात स्विच. त्या डब्याला वीज कुणाच्या तरी मीटरवरून घेतलेली. त्या इमारतीची लाइट गेली की पुढच्या चार इमारतींचं नेट गेलं. पावसाळ्यात वीज कडाडली की पोर्ट जळायचे आणि दुसऱ्या दिवशी केबलवाला शिडी घेऊन हजर.

या केबलच्या जाळ्याची एक बाजू फारशी नोंदली गेलेली नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. केबलवाल्याकडे बाहेरच्या जगाचे पत्ते मोजकेच असायचे, त्यामुळे शंभर घरं एकाच पत्त्यामागे उभी असायची. म्हणजे आज भाच्याला जी अडचण आली, ती केबलच्या ग्राहकांना तेव्हाच होती. पण ती शंभर घरं आतून एकमेकांना जोडलेली होती. बाहेरचा वेग २५६ के आणि आतला १०० मेगाबिट! मग पोरांनी आतल्या आत सर्व्हर लावले. या गल्लीतल्या घरात यजमान आणि पलीकडच्या तीन गल्ल्यांत पाहुणे. मोठा झालेला सायबर कॅफेच म्हणा ना. मोहल्ल्याच्या बाहेर खेळायचं तर २००४ च्या सुमारास 'हमाची' नावाचं सॉफ्टवेअर आलं होतं. दोन दूरच्या संगणकांमध्ये ते असा आडपडदा बोगदा टाकायचं की दोघांना वाटावं, आपण एकाच घरातल्या जाळ्यावर आहोत.

वीज, आणि रात्रीचे दोन

त्या काळात महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं आणि भिवंडीची अवस्था बिकट होती. दिवसाचे कित्येक तास लाइट नसायची. गळती आणि थकबाकी मिळून विजेचा निम्म्याहून अधिक पैसा वसूलच होत नव्हता. २६ जानेवारी २००७ पासून महावितरणने भिवंडीतलं वीजवितरण टोरंट पॉवर या कंपनीकडे दिलं. अशा प्रकारची फ्रँचायझी देशात पहिलीच होती. त्या व्यवस्थेविषयी आणि बिलांविषयी शहरात आजही मतं वेगवेगळी आहेत, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय. आपल्यापुरतं एवढंच की पुरवठा सुधारत गेला आणि घरातला संगणक रात्रभर चालू ठेवणं शक्य कोटीत आलं. यजमानाला पहिली अट तीच असते. पाहुणे आले आणि यजमान झोपलेला, असं चालत नाही.

त्याच सुमारास टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट, अशी व्याख्या होती. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ही सेवा सुरू केली. तिच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री २ ते सकाळी ८ या वेळात डेटा मोजला जात नसे. किती तरी पोरं गजर लावून दोनला उठायची आणि गेम उतरवायला लावून परत झोपायची. एका बाजूला रात्रपाळीच्या मागांचा खडखडाट आणि दुसऱ्या बाजूला मोडेमचे लुकलुकणारे दिवे.

या तंत्राचं नाव एडीएसएल. त्यातल्या पहिल्या 'ए'चा अर्थ 'असमान'. उतरवायचा वेग जास्त, चढवायचा कमी. ही चूक नव्हती, हा ठरवून घेतलेला निर्णय होता. घर घेणार जास्त आणि देणार कमी, असं गृहीत धरून तारेतली जागा वाटलेली होती. घर ग्राहक आहे, हे तारेतच लिहून ठेवलं होतं म्हणा. यजमानाला तर चढवायचाच वेग लागतो, कारण प्रत्येक पाहुण्याला सगळ्यांची खबर त्यालाच द्यायची असते. आमच्या आठवणीत त्या लाइनवर चार-पाच पाहुणे झाले की खेळाला धाप लागायची.

तरीही हा काळ घरगुती यजमानांचा सुवर्णकाळ होता, असं आम्हाला वाटतं. कारण एडीएसएलच्या मोडेमला खरा सार्वजनिक पत्ता मिळत होता. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, आत जाऊन पोर्ट वळवायचं, काउंटर-स्ट्राइकचा २७०१५ उघडायचा, आणि सुरतेचाच काय, शारजाचा मित्रही आत यायचा. पत्ता अधूनमधून बदलायचा, त्यासाठी बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणाऱ्या फुकट सेवा होत्या. शिकलेला एक पोरगा अख्ख्या इमारतीला शिकवायचा.

पत्ते संपले

आता मूळ दुखण्याकडे येऊ. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा. त्यातून एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. चारशे एकोणतीस कोटी. ही रचना ठरली तेव्हा, १९८० च्या आसपास, हा आकडा अफाट वाटला होता. प्रत्येकाच्या खिशात फोन येईल असं तेव्हा कोण म्हणालं असतं? शिवाय वाटप आधी येईल त्याला, या न्यायाने झालं. अमेरिकेतल्या काही संस्थांना एकेक कोटीहून अधिक पत्त्यांचे गठ्ठे मिळाले. भारत रांगेत उशिरा उभा राहिला.

पत्ते पुरणार नाहीत हे १९९० नंतर लगेच लक्षात आलं. मे १९९४ मध्ये एक उपाय मांडला गेला : आतल्या अनेक संगणकांना खाजगी पत्ते द्यायचे आणि बाहेर जाताना सगळ्यांना एकच सार्वजनिक पत्ता वापरू द्यायचा. याला नॅट म्हणतात. मांडणाऱ्यांनी स्वतःच त्याला तात्पुरता उपाय म्हटलं होतं. पण आपल्याकडे तात्पुरत्या पत्र्याच्या शेड पन्नास वर्षं उभ्या राहतात, तसंच हे झालं.

नॅट समजायला सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. तुम्ही आतून बाहेर पत्र पाठवलंत तर तो वहीत लिहून ठेवतो, आणि उत्तर आलं की बरोबर तुमच्या फ्लॅटवर पोचवतो. पण बाहेरून कुणी पहिल्यांदाच आला आणि म्हणाला, "इथे खेळ चालू आहे म्हणे," तर वॉचमनला कळत नाही कुठे पाठवायचं. तो परत पाठवतो. पोर्ट वळवणं म्हणजे या वॉचमनला आधीच सांगून ठेवणं : २५५६५ विचारत कुणी आलं तर आमच्याकडे पाठव.

घरच्या राउटरचा वॉचमन आपल्या ऐकण्यातला असतो. अडचण पुढे आली. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. १५ एप्रिल २०११ ला आशिया-प्रशांत विभागाचा साठाही शेवटच्या गठ्ठ्यावर आला आणि रेशनिंग सुरू झालं. भारतात ग्राहक नेमके त्यानंतर झपाट्याने वाढले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली, बाकीच्यांचे दर कोसळले, मग घरोघरी फायबर आलं. ग्राहक कोट्यवधी आणि पत्ते मूठभर. तेव्हा कंपन्यांनी गल्लीच्या टोकाला आणखी एक मोठा वॉचमन बसवला. शेकडो घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता. एप्रिल २०१२ मध्ये या कामासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते जगभर राखून ठेवले गेले. भाच्याच्या राउटरवरचे १०० आणि ७२ हे आकडे तिथून आले होते.

हा मोठा वॉचमन कंपनीचा नोकर. त्याला तुमचं पोर्ट वळवायला सांगायची सोय नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही, हेही सांगायला हवं. पत्ते खरोखरच नव्हते, आणि सगळ्यांना स्वस्तात इंटरनेट द्यायचं तर दुसरा मार्ग पटकन दिसत नव्हता. बहुतेकांचं काही बिघडलंही नाही. व्हिडिओ बघणारा, बिल भरणारा, निरोप पाठवणारा माणूस आतून बाहेर जातो, त्याला कळतही नाही. ज्याला यजमान व्हायचं होतं, तेवढ्याचाच दरवाजा बंद झाला.

यजमान गेला गोदामात

याच वर्षांत दुसरी एक गोष्ट घडत होती. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची मुंबईतली केंद्रं सुरू झाली. नवी मुंबईकडे डेटा सेंटरच्या इमारती वाढत गेल्या. भिवंडीभोवती मानकोली, काल्हेर, दापोडे, वळ या बाजूला मालाची गोदामं उभी राहिली, आणि खाडीपलीकडे माहितीची गोदामं.

खेळणाऱ्यांचा यात मोठा फायदा झाला, तो नाकारू नये. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद, आणि प्रत्यक्ष वळणावळणाच्या मार्गाने त्याहून बरेच जास्त. ज्या खेळात डोळ्याची पापणी लवण्याआधी गोळी लागते, तिथे हा उशीर म्हणजे हार. सर्व्हर मुंबई परिसरात आला की भिवंडीच्या पोराला हे अंतर उरतच नाही. शिवाय रात्री लाइट गेली, संगणक बंद पडला, ही कटकट संपली.

पण मोबदल्यात काय गेलं? तीन तारखा सांगतो. ३१ मे २०१४ : गेमस्पाय नावाची सेवा बंद झाली. शेकडो जुन्या खेळांत खेळाडूंची गाठ घालून द्यायचं काम ती करत होती. जे खेळ थेट पत्ता टाकून जोडता येत होते किंवा ज्यांना चाहत्यांनी पर्यायी सर्व्हर केले, ते जगले. बाकीच्यांचा एकत्र खेळायचा भाग मेला. २ सप्टेंबर २०२० : भारत सरकारने पबजी मोबाइलवर बंदी आणली. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलता येईल, पण इथे मुद्दा एवढाच की निर्णय एका जागी झाला आणि कोट्यवधी फोनवरचा खेळ थांबला. ३१ मार्च २०२४ : 'द क्रू' या मोटारींच्या खेळाचे सर्व्हर कंपनीने बंद केले. ज्यांनी पैसे मोजून खेळ घेतला होता त्यांना एकट्याने गाडी चालवणंही अशक्य झालं. यातून युरोपात ग्राहकांची मोठी मोहीम उभी राहिली.

याच्या उलट, काउंटर-स्ट्राइकची वीस वर्षांपूर्वीची आवृत्ती आजही कुणी आपल्या घरी लावली तर चालते. कारण यजमान व्हायचा प्रोग्राम लोकांच्या हातात आहे. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला यात रस आहे. जी गोष्ट हजार घरांत असते ती टिकते, जी एका गोदामात असते ती त्या गोदामाच्या आयुष्याएवढीच जगते. पोथ्यांच्या बाबतीत आपण हे शिकलो आहोत. पोरांनी दोन वर्षं खपून बांधलेल्या ठोकळ्यांच्या तलावाला वेगळा नियम कसा लागेल?

मग आज काय करायचं?

श्रोत्यांमध्ये अनेक पालक आहेत, म्हणून व्यवहाराचं बोलतो. आधी राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघायचा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर मोठा वॉचमन आहे असं समजा आणि पोर्ट वळवण्यात रात्री घालवू नका. त्यानंतर मार्ग तीन.

पहिला, कंपनीकडे स्वतंत्र कायमचा पत्ता मागणं. बऱ्याच ठिकाणी जादा पैशांत मिळतो. दुसरा, हमाचीच्या वंशातले आजचे बोगदे. टेलस्केल, झिरोटियर ही त्यांतली नावं. मित्र मोजके असतील तर हा सोपा आणि सुरक्षित उपाय. तिसरा मार्ग म्हणजे नवा पत्ता. १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांची, म्हणजे आयपीव्ही-६ ची रचना १९९५ मध्येच मांडली गेली होती आणि ६ जून २०१२ ला जगभर अधिकृतपणे सुरू झाली. त्यात पत्ते इतके आहेत की प्रत्येक घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळावा. आणि भारत यात मागे नाही. जुने पत्ते मिळाले नाहीत म्हणूनच असेल, पण आपल्याकडे निम्म्याहून अधिक वापरकर्त्यांपर्यंत नवा पत्ता पोचला आहे. रांगेत उशिरा आलेल्याचा असाही फायदा होतो.

एक इशारा. दरवाजा उघडला की मित्रच येतात असं नाही. इंटरनेटवर चोवीस तास कुणी ना कुणी दारं वाजवत फिरत असतं. म्हणून एकच पोर्ट उघडा, अख्खा संगणक बाहेर ठेवू नका. राउटरचा मूळ पासवर्ड बदला, सर्व्हरचा प्रोग्राम ताजा ठेवा, आणि आत येणाऱ्या मित्रांची नावं यादीत लिहा, म्हणजे यादीबाहेरचा कुणी शिरणार नाही. राउटरला छोटा बॅटरी बॅकअप लावा.

भाच्याच्या घरी काय झालं ते सांगून थांबतो. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर पलीकडच्या मुलाने तीनदा राउटर बंद-चालू करायला लावलं. मग आम्हीच शोधलं. लाइनवर नवा पत्ता येत होता, फक्त राउटरने तो आतल्या बाजूला दिलेला नव्हता. तो चालू केला, फायरवॉलमध्ये एकच वाट उघडली. सुरतेच्या घरच्या ब्रॉडबँडवर नवा पत्ता नव्हता, पण मित्राच्या मोबाइलवर होता. त्याने हॉटस्पॉट लावला. रात्री साडेअकराला पडद्यावर त्याचं नाव उमटलं. तो सरळ मागांच्या कारखान्यात गेला आणि फोनवर म्हणाला, "दोन माग कमी कसे झाले?" भाचा म्हणाला, "तुझ्या पप्पांनी विकले ना, म्हणून आम्ही पण काढले." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या रात्री चौघांनी मिळून ते दोन माग परत बांधले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या फोल्डरच्या चार प्रती करायला लावल्या. चार घरांत चार.

आता प्रश्न घेऊ या.